दुसऱ्याची व्हिमआरसी जशीच्या तशी टाकल्यावर होणारे त्रास, आणि स्वतःची कशी उभी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवीन नोकरी, लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने जाऊन कॉन्फिग फायली बदलायच्या, तिथे व्हिम हा टर्मिनलमधला एडिटर सोडून दुसरं काही नाही. सीनियरने स्वतःची चारशे ओळींची व्हिमआरसी, म्हणजे व्हिमच्या सेटिंगची फाइल दिली, ती टाकली आणि तेव्हापासून यामल या कॉन्फिगच्या फाइलीत टॅबची कळ दाबली की खराखुरा टॅब पडतो आणि सर्व्हिस उठत नाही, एस्केप दाबलं की व्हिम क्षणभर अडकतं, आणि मराठी मजकुराची फाइल उघडली तर कधी कचरा दिसतो, कधी कीबोर्ड मराठीवर राहिल्यामुळे कमांडच चालत नाहीत. तर कोणती कॉन्फिग घ्यावी, की सरळ निओव्हिमकडे, म्हणजे व्हिमच्याच नव्या भावंडाकडे जावं?

आधी एक सांगून ठेवतो, कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं टाकायची.

माझं मत स्पष्ट आहे. ती चारशे ओळींची फाइल नाव बदलून बाजूला ठेवा, फेकू नका, पुढे त्यातून एकेक गोष्ट उचलता येईल. पण तुमच्या व्हिमआरसीत जी ओळ असेल ती तिथे का आहे हे तुम्हाला स्वतःला सांगता आलं पाहिजे, कारण ती फाइल म्हणजे त्या माणसाच्या दहा-पंधरा वर्षांच्या सवयी आहेत, त्याला कधी काळी कुठल्या तरी जुन्या टर्मिनलवर त्रास झाला म्हणून त्याने टाकलेली ओळ तुमच्या मशीनवर नवा त्रास देते आणि तुम्हाला कळतच नाही की दोष कुणाचा. सर्व्हरवर प्रॉडक्शनची फाइल उघडून बसलेलो असताना एडिटर आपल्या नकळत काहीतरी करतोय ही फार वाईट अवस्था असते.

टॅबचं बघू. व्हिमला थेट विचारायची सोय आहे आणि ती वापरणारे लोक मला फार कमी भेटतात. टॅबऐवजी स्पेस टाकायच्या का हे ठरवणारं सेटिंग म्हणजे एक्सपँडटॅब. कोलन दाबून "व्हर्बोज सेट एक्सपँडटॅब" आणि शेवटी प्रश्नचिन्ह असं टाकलं की सेटिंग आत्ता काय आहे ते दिसतं आणि ते शेवटचं कुठल्या फाइलीने लावलं तेही दिसतं, नव्या व्हर्जनमध्ये ओळ नंबरसकट. मॅपिंगसाठीसुद्धा, म्हणजे एखाद्या कळेला वेगळं काम नेमलं असेल तर, हेच, "व्हर्बोज मॅप" आणि पुढे ती कळ. तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय "सेट पेस्ट" या ओळीवर आहे. इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर लिहायचा मोड, कमांड देतो तो नॉर्मल मोड) गेल्यावर खाली इन्सर्टच्या शेजारी कंसात पेस्ट असं लिहून येतंय का बघा. येत असेल तर चोर सापडला. हे सेटिंग पूर्वी लोक यासाठी लावायचे की ब्राउझरमधून कॉपी केलेला कोड टर्मिनलमध्ये चिकटवला की व्हिमला वाटायचं माणूसच भराभर टाइप करतोय, मग ते प्रत्येक ओळीला आपलं इंडेंट लावायचं आणि मजकूर जिन्यासारखा उजवीकडे सरकत जायचा. पेस्ट चालू केलं की ऑटोइंडेंट बंद होतं, पण त्याबरोबर एक्सपँडटॅब बंद, सॉफ्टटॅबस्टॉप शून्य, टेक्स्टविड्थ शून्य, इन्सर्ट मोडची मॅपिंगसुद्धा बंद. म्हणजे ते दोन मिनिटांपुरतं चालू करून "सेट नोपेस्ट" करायचं सेटिंग आहे, व्हिमआरसीत कायमचं लिहायचं नाही. आणि आता तर बहुतेक टर्मिनल चिकटवलेल्या मजकुराला पुढेमागे खूण लावून पाठवतात, व्हिम ८ पासून व्हिमला ती खूण कळते, त्यामुळे गरजच उरलेली नाही.

यामलला इंडेंटमध्ये टॅब चालतच नाही, म्हणून तुमची सर्व्हिस पडते. आधीच पडलेले टॅब शोधायला "सेट लिस्ट" करा, टॅबच्या जागी वरची टोपी आणि मोठा आय दिसेल. मग पेस्ट बंद, एक्सपँडटॅब चालू, टॅबस्टॉप आणि शिफ्टविड्थ दोन, आणि कोलन "रीटॅब". फक्त मेकफाइलवर हे करू नका, तिथे उलट टॅबच लागतो. म्हणूनच "फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन" ही ओळ महत्त्वाची, ती असली की व्हिम फाइलीचा प्रकार ओळखून मेकफाइलला टॅब, पायथनला चार स्पेस असं स्वतः लावतं, नव्या व्हर्जनमध्ये यामलला दोन स्पेसही. सगळ्यांना एकच नियम लावणारी कॉन्फिग कुठे ना कुठे फसतेच.

आता एस्केपचा विलंब. टर्मिनलमध्ये बाणाच्या कळा म्हणजे प्रत्यक्षात एस्केपने सुरू होणारी दोनतीन अक्षरांची मालिका असते. त्यामुळे एस्केप आलं की व्हिमला ठरवावं लागतं, हे नुसतं एस्केप की मागून आणखी काही येतंय, आणि ते थांबून बघतं. किती थांबायचं हे टाइमआउटलेन ठरवतं, मूळ किंमत १००० मिलिसेकंद. व्हिम ८ मध्ये, म्हणजे २०१६ साली, डिफॉल्ट्स डॉट व्हिम नावाची फाइल आली, तिच्यात नुसत्या अशा कळांच्या मालिकेसाठीचं वेगळं सेटिंग, टीटाइमआउटलेन, १०० लावलेलं आहे, म्हणून कोऱ्या व्हिममध्ये हा त्रास जाणवत नाही. पण गोम अशी की तुमची स्वतःची व्हिमआरसी असली की ती फाइल लोडच होत नाही! अगदी रिकामी व्हिमआरसी बनवली तरी नाही. म्हणजे कॉन्फिग टाकल्यामुळे तुमचे चांगले डिफॉल्ट गेले. उपाय एका ओळीचा, व्हिमआरसीच्या सुरुवातीलाच ती डिफॉल्ट्स फाइल "सोर्स" कमांडने ओढून घ्यायची, व्हिमच्या मदतीत "डिफॉल्ट्स डॉट व्हिम" शोधलंत की ती ओळ जशीच्या तशी दिलेली आहे. एवढं करूनही विलंब राहिला आणि तुम्ही टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याचं एस्केप-टाइम बघा, बरीच वर्षं ते ५०० मिलिसेकंद असायचं, ते दहावर आणा.

जाता जाता, व्हिम पूर्णच गोठलं, काही केल्या हलत नाही असं झालं तर घाबरून टर्मिनल बंद करू नका. बहुधा सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं, टर्मिनलच्या दृष्टीने तो "थांब" असा हुकूम आहे. कंट्रोल-क्यू दाबा, सुरू होतं.

आणि एखाद्या सर्व्हरवर बाणाची कळ दाबल्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं पडायला लागली, रंगही दिसत नाहीत, तर तुमची कॉन्फिग बिघडलेली नाही. डेबियन आणि उबंटूच्या कमीत कमी इन्स्टॉलमध्ये व्हिम-टायनी असतं, ते व्हिमच्या आधीच्या व्हीआय या एडिटरसारखं वागतं आणि तुमच्या व्हिमआरसीतले इफवाले भाग सरळ सोडून देतं. कोलन "व्हर्जन" करून बघा. परवानगी असेल तर पूर्ण व्हिम टाकायला सांगा, नसेल तर बाण सोडून एच, जे, के, एल वापरा, त्या सगळीकडे चालतात. त्या कळा का, असं सगळे विचारतात. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिलं ते एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, त्यावर बाणांची चिन्हं याच चार कळांवर छापलेली होती, आणि एस्केपची कळ आजच्या टॅबच्या जागी होती, करंगळीखाली. आज ती कोपऱ्यात गेलीय म्हणून बोट ताणावं लागतं. कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस दाबला तरी व्हिमला एस्केपच मिळतं, किंवा सिस्टिममध्येच कॅप्सलॉकला एस्केप करून टाका, मला विचाराल तर कुठल्याही प्लगइनपेक्षा हा बदल जास्त सुख देतो.

मग स्वतःच्या व्हिमआरसीत काय टाकायचं? डिफॉल्ट्स सोर्स केल्यावर फार थोडं लागतं. नंबर आणि रिलेटिव्हनंबर, म्हणजे चालू ओळीचा खरा नंबर आणि बाकीच्यांचं अंतर दिसतं. इग्नोअरकेस आणि स्मार्टकेस दोन्ही एकत्र, लहान अक्षरात शोधलं तर सगळं सापडतं आणि एखादं मोठं अक्षर टाकलं तर काटेकोर शोध होतो. हिडन, म्हणजे फाइल सेव्ह न करता दुसऱ्या फाइलीत जाता येतं. आणि अनडूफाइल, हे मात्र आवर्जून लावा. फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी कालचे बदल मागे घेता येतात. २०१० च्या ७.३ पासून आहे, तरी कित्येक जुन्या लोकांच्या कॉन्फिगमध्ये दिसत नाही. त्यासाठी अनडूडिर मध्ये वेगळी डिरेक्टरी द्या आणि ती आधी हाताने बनवा, कारण व्हिम ती स्वतः बनवत नाही आणि नसली तर तक्रारही करत नाही, नुसतं गप्प बसतं. शिवाय "अर्लियर १० एम" असं कोलनने टाकलं की फाइल दहा मिनिटांपूर्वी जशी होती तशी होते, घाईत चारपाच ठिकाणी बदल करून सगळं बिघडवल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण एक लक्षात ठेवा, पासवर्ड किंवा की असलेल्या फायलींचा मजकूर या अनडू फायलीत शिल्लक राहतो, तसल्या फायलींना हे बंद ठेवा.

मॉडलाइन बंदच ठेवा. फाइलीच्या वरच्या किंवा खालच्या ओळीत एडिटरसाठी सूचना लिहायची ती सोय, पण २०१९ मध्ये त्यातूनच नुसती फाइल उघडल्यावर कमांड चालवता येईल असं भोक सापडलं होतं, ते बुजवलंय, तरी परक्या फायली उघडणाऱ्या माणसाला ते कशाला हवंय.

एवढ्यावर महिनाभर काम करा. या काळात कॉन्फिगपेक्षा हाताला वळण लावा, खरा फायदा तिथे आहे. आधी टर्मिनलमध्ये "व्हिमट्यूटर" चालवा, अर्ध्या तासाचं काम आहे. व्हिममध्ये कमांड पाठ करायच्या नसतात, जोडायच्या असतात. डी म्हणजे उडव, सी म्हणजे उडवून लिहायला दे, वाय म्हणजे कॉपी कर, आणि पुढे कशावर ते सांगायचं. डब्ल्यू म्हणजे शब्द, आय आणि अवतरण चिन्ह म्हणजे अवतरणाच्या आतलं, ए-पी म्हणजे अख्खा परिच्छेद. म्हणून सी-आय-अवतरण दाबलं की कर्सर त्या ओळीवर अवतरणाच्या आधी कुठेही असला तरी अवतरणातली जुनी किंमत जाते आणि तुम्ही नवीन लिहायला मोकळे. मग पुढच्या ठिकाणी जाऊन फक्त टिंब दाबायचं, तोच बदल परत होतो. कॉन्फिग फायलींमध्ये दिवसभर हेच तर करायचं असतं! दहा ओळी कमेंट करायच्या तर कंट्रोल-व्ही, खाली जा, मोठा आय, हॅश, एस्केप. सगळ्या डीबग ओळी उडवायच्या तर कोलन जी, तिरकी रेघ, तो शब्द, तिरकी रेघ, डी. आणि एका ओळीत कोंबलेला जेसन नीट मांडायचा तर कोलन, टक्का, उद्गारचिन्ह आणि पुढे जेक्यू टिंब, म्हणजे अख्खी फाइल बाहेरच्या प्रोग्रॅममधून गाळून परत येते. सॉर्ट, कॉलम, ऑक, सेड, तुम्हाला शेलमध्ये जे येतं ते सगळं एडिटरच्या आत आलं. सर्व्हरवर काम करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठं प्लगइन नाही.

प्लगइन्सबद्दल म्हणूनच थोडक्यात सांगतो. लॅपटॉपवर हवी तेवढी टाका, व्हिम ८ पासून डॉट व्हिमच्या आत पॅक, त्यात कुठलंही नाव, त्यात स्टार्ट, अशा डिरेक्टरीत प्लगइन ठेवलं की आपोआप लोड होतं, वेगळा मॅनेजर लागत नाही. सर्व्हरवर शून्य. आणि रूटच्या किंवा टीमच्या सामाईक अकाउंटमध्ये आपली व्हिमआरसी टाकायची नाही म्हणजे नाही, रात्री दोन वाजता दुसरा माणूस तिथे लॉगिन करतो तेव्हा त्याच्या कळा त्याला माहीत असल्याप्रमाणेच चालल्या पाहिजेत. त्यावर चांगला मार्ग आहे, सुडो व्हिम करण्याऐवजी "सुडोएडिट" वापरा. ते फाइलीची तात्पुरती प्रत काढतं, ती तुमच्या अकाउंटमधून तुमच्याच कॉन्फिगने उघडतं आणि सेव्ह करून बाहेर पडल्यावर मूळ जागी ठेवतं. तुमची सेटिंग्जही मिळाली आणि एडिटर रूट म्हणून चाललाही नाही. सुडो कुणाला चालेल ते ठरवणारी सुडोअर्स फाइल मात्र नेहमी "व्हिसुडो"नेच, ती सेव्ह करताना तपासणी करते, नाहीतर एका चुकीच्या ओळीने सगळ्यांचा सुडो बंद होऊ शकतो.

स्वॅप फाइलीचा इशारा दिसला की डोळे झाकून पुढे जाऊ नका हेही इथेच सांगतो. व्हिम दर २०० अक्षरांनी किंवा तुम्ही चार सेकंद थांबलात की काम स्वॅपमध्ये उतरवतं. इशाऱ्यात प्रोसेस आयडी असतो, त्याच्यापुढे प्रोसेस अजून चालू आहे असं लिहिलेलं असेल तर दुसरं कुणीतरी किंवा तुमचीच दुसरी विंडो ती फाइल धरून बसलीय, सरळ बाहेर पडा आणि विचारा. चालू नसेल तर कनेक्शन तुटलं होतं, तेव्हा रिकव्हर करा, वेगळ्या नावाने सेव्ह करून मूळ फाइलीशी डिफ बघा आणि मगच स्वॅप उडवा. लोक आधी स्वॅप उडवतात आणि तासाभराचं काम जातं.

निओव्हिमचं म्हणाल तर ते २०१४ मध्ये व्हिममधूनच फुटून निघालं, त्याचे डिफॉल्ट जास्त चांगले आहेत, कॉन्फिग लुआ भाषेत लिहिता येते आणि २०२१ च्या ०.५ पासून लँग्वेज सर्व्हरची (कोड समजून चुका आणि सूचना दाखवणारा प्रोग्रॅम) सोय आतच आहे. लॅपटॉपवर कोड लिहिणार असाल तर जरूर घ्या. पण तुमचं काम सर्व्हरवर आहे आणि तिथे बहुतेक ठिकाणी व्हीआय किंवा व्हिमच मिळणार, त्यामुळे हात साध्या व्हिमवर बसवा, तोच हात निओव्हिममध्ये तसाच चालतो. व्हिम थांबेल अशीही भीती नको. ज्यांनी १९९१ पासून ते सांभाळलं ते ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले, पण त्यांच्याबरोबर काम केलेल्या लोकांनी जबाबदारी घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये ९.१ आलंसुद्धा. व्हिम नुसतं उघडलं की युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ दिसते ती त्यांचीच, सॉफ्टवेअर फुकट आणि आवडलं तर त्या मुलांसाठी द्या, एवढंच मागणं होतं. मला याचं फार अप्रूप आहे.

शेवटी मराठी. यावर कुणी नीट लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. कचरा दिसतो तेव्हा फाइल बहुतेक वेळा ठीकच असते, सर्व्हरचं लोकॅल, म्हणजे भाषेची आणि अक्षरांच्या एन्कोडिंगची सेटिंग, चुकलेलं असतं. शेलमध्ये "लोकॅल" कमांड द्या, सी किंवा पॉझिक्स असं आलं तर व्हिम युनिकोड धरत नाही. यूटीएफ-८ वालं लोकॅल लावा आणि व्हिमआरसीत एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. तोवर कचरा दिसत असताना फाइल सेव्ह करू नका.

कीबोर्ड मराठीवर असताना कमांड न चालण्याचं कारण साधं आहे, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत जेच्या कळेवर र आहे आणि केवर क, म्हणजे नॉर्मल मोडमध्ये तुम्ही खाली जायला जे दाबता आणि व्हिमला र मिळतो. दर वेळी सिस्टिमचा कीबोर्ड बदलत बसू नका. सिस्टिम इंग्रजीवरच ठेवा आणि मराठी व्हिमच्या आत आणा. डॉट व्हिममध्ये कीमॅप नावाच्या डिरेक्टरीत एक फाइल बनवा, त्यात "लोडकीमॅप" अशी ओळ आणि खाली एकेका ओळीत इंग्रजी कळ, स्पेस, मराठी अक्षर. इनस्क्रिप्टचा तक्ता समोर ठेवून अर्ध्या तासात लिहून होते. मग व्हिमआरसीत "सेट कीमॅप" करून त्या फाइलीचं नाव द्या आणि लगेच खाली आयएमइन्सर्ट शून्य करा, नाहीतर व्हिम उघडताच मराठीतच सुरू होतं. आता इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि सहाची कळ दाबली की मराठी, परत दाबली की इंग्रजी, आणि एस्केप मारल्यावर नॉर्मल मोडच्या सगळ्या कमांड नेहमीसारख्या. एफ दाबून अक्षरावर उडी मारताना किंवा आरने अक्षर बदलताना मात्र मराठी अक्षर देता येतं, हे कीबोर्ड बदलून कधीच इतकं सहज जमत नाही.

दिसण्याच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा. टर्मिनल म्हणजे सारख्या चौकोनांचं जाळं, आणि जोडाक्षर त्यात बसत नाही, त्यामुळे काही टर्मिनलवर कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसरीकडे उडतं. टर्मिनल बदलून बघा, फरक पडतो. एक्स दाबलं की अक्षर मात्रेसकट जातं, फक्त मात्रा काढायची असेल तर "सेट डेलकंबाइन" करा. क्ष किंवा ज्ञ एका दणक्यात जात नाही, व्हिमच्या हिशोबी ती दोन अक्षरं आहेत.

आणि शोधून शब्द सापडत नसेल, डोळ्यासमोर दिसत असूनही, तर र बघा. "तऱ्हा" मधला तो अर्धा र दोन प्रकारांनी लिहिलेला असतो, कधी नुक्त्याचा ऱ म्हणजे ०९३१ आणि हलंत, कधी साधा र म्हणजे ०९३०, हलंत आणि एरवी न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर). बहुतेक ठिकाणी दिसतात सारखे, बाइट वेगळे. त्या अक्षरावर कर्सर नेऊन जी-ए दाबा, कोड दिसतात, जी आणि आठ दाबलं की बाइट दिसतात. फाइलीत दोन्ही रूपं आली असतील तर कोलन टक्का एसने सगळीकडे एकच करून टाका, मग व्हिममध्येही सापडतं आणि बाहेर ग्रेपलाही.